ग्लोव्हज १६ औंसाचे, पण पॅडिंग गेलं कुठे?

कर्वेनगरी · मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. या विषयावर जुना धागा सापडला नाही म्हणून नवा काढतोय. असल्यास लिंक द्या, पण "आधी शोधावं" असं कृपया लिहू नका, शोधलंय.

वय ४१, बैठं काम, हिंजवडीची रोजची वारी. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले की साखरेच्या अगदी काठावर उभे आहात. जिम दोनदा लावून सोडून झाली होती, म्हणून घराजवळच्या बॉक्सिंग क्लासला जायला लागलो. पत्र्याची शेड, दोन लटकत्या बॅगा, खाली मॅट आणि फौजेतून निवृत्त झालेले एक सर. वाटलं होतं महिन्याभरात सुटेल, पण लागलीच गोडी.

पहिले ग्लोव्हज १२ औंसाचे होते. स्पारिंगची, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीची, वेळ आली तेव्हा सर म्हणाले, १६ औंस नसतील तर समोर उभंच राहायचं नाही. मग ऑनलाइन १६ औंसाचे मागवले, १,९०० रुपयांना. दिसायला जाडजूड, हात घातला की उशीत घातल्यासारखं वाटायचं. १२ वाले भाच्याला देऊन टाकले आणि तेव्हापासून बॅग, फोकस पॅड (सर हातात धरतात ती गादी), स्पारिंग, सगळं या एकाच जोडीवर चाललंय.

आता चार महिन्यांनी दोन गोष्टी झाल्यात. आमच्या बॅचला सीए करणारा एक मुलगा आहे, तो शनिवारी मध्येच थांबून म्हणाला, "काका, जरा हळू ना, तुमचे ग्लोव्हज लागतात." मी हळूच मारत होतो हो! पण त्याच्या गालावर वळ उठला होता खरा. दुसरं म्हणजे माझ्या उजव्या करंगळीमागचं हाड सकाळी ठणकतं. चहाचा कप उचलताना कळतं.

१६ औंस म्हणजे सगळ्यात मऊ ना? मग हे असं का? आणि बॅगला वेगळे, स्पारिंगला वेगळे असं खरंच घ्यावं लागतं, की तो दुकानदारांचा डाव आहे?

टेकडीवरचा वारा · मंगळवार, रात्री ११:०५

वाचतेय. मुलीसाठी मलाही हेच विचारायचं होतं.

खडकी_लेफ्टहूक · मंगळवार, रात्री ११:२०

"बॅग, पॅड, स्पारिंग, सगळं एकाच जोडीवर." उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय की.

जागे असाल तर आत्ताच एक करा. ग्लोव्ह मांडीवर ठेवा. नकल्स, म्हणजे मुठीवरचे बोटांच्या मुळाचे उंचवटे, जिथे येतात तिथे अंगठ्याने जोरात दाबा. मग चार बोटं मागे, मनगटाच्या बाजूला सरका आणि तिथे दाबा. काय फरक वाटतो ते इथे लिहा.

कर्वेनगरी · मंगळवार, रात्री ११:४१

बायको विचारतेय की रात्री पावणेबाराला ग्लोव्ह मांडीवर घेऊन काय चाललंय.

नकल्सच्या जागी अंगठा थेट आत घातलेल्या बोटांना जाऊन टेकतो. मधल्या दोन नकल्सच्या जागी चक्क खळगा पडलाय. मागे मात्र नव्यासारखं टम्म फुगलेलं आहे.

खडकी_लेफ्टहूक · मंगळवार, रात्री ११:४८

झालं तर मग. जिथे हवं तिथलं पॅडिंग मेलंय आणि जिथे नको तिथलं शाबूत आहे. तराजूवर ठेवलात तर आजही १६ भरेल, पण त्या पोराच्या गालाला ८ औंसाचा लागतोय. त्याची माफी मागा आणि उद्यापासून या जोडीने स्पारिंग बंद.

नियम_अठरावा · बुधवार, सकाळी ६:१०

मराठी संकेतस्थळावर 'हातमोजे' हा सुटसुटीत शब्द असताना 'ग्लोव्हज' कशाला? शिवाय 'ग्लोव्हज' अनेकवचन आहे, 'ग्लोव्हजेस' असं कुणी लिहायच्या आत सांगून ठेवतो.

खडकी_लेफ्टहूक · बुधवार, सकाळी ७:३०

काका, हातमोजे म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे स्कूटरवरच्या आजी येतात. राहू द्या.

फोमवाला_भोसरी · बुधवार, सकाळी ११:१५

मी ग्लोव्हज बनवत नाही, पण वीस वर्षं फोम कापतोय, पॅकेजिंगसाठी. खोक्यातला टीव्ही पडून फुटू नये आणि समोरच्याचं नाक फुटू नये, दोन्हींमागचं गणित एकच आहे, म्हणून लिहितो.

वेगात आलेली वस्तू थांबायला अंतर लागतं. एवढाच वेग ३ सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल १ सेंटिमीटरमध्ये थांबवल्याच्या ढोबळमानाने एक तृतीयांश होतं. फोम हे अंतर देतो, बाकी त्यात जादू काही नाही. आता फोम म्हणजे बुडबुड्यांच्या भिंती आणि मधे हवा. पूर्ण दाबला, भिंतीला भिंत टेकली की पुढे तो फोम उरत नाही, प्लास्टिकची फळी होते. आम्ही म्हणतो तळ लागला. तुमच्या अंगठ्याला काल रात्री तळच लागला.

फोम कोणता हेही बघावं लागतं. इव्हीए म्हणजे चपलेच्या तळाला, योगा मॅटला असतो तसला. त्याचा प्रत्येक बुडबुडा बंद असतो, त्यामुळे तो घट्ट असतो, आकार धरून ठेवतो, बॅगेच्या माराला बरा. पण तो चेपला तर चेपलेलाच राहतो. लॅटेक्स फोमचे बुडबुडे एकमेकांत उघडे असतात, हवा आतबाहेर खेळते, उसळी छान. मग पॉलियुरेथेन, म्हणजे सोफ्यातला. तो चांगल्या घनतेचा असला तर फारच सुखाचा आणि हलका घेतला तर दोन महिन्यांत पापड. चांगल्या ग्लोव्हमध्ये यातले दोन-तीन थर एकमेकांवर असतात, एक घट्ट, एक मऊ. हलका ठोसा मऊ थर झेलतो, जोराचा घट्ट थरापर्यंत जातो. स्वस्त ग्लोव्हमध्ये बहुतेक वेळा साच्यात ओतलेला एकच गोळा असतो. ओतलेलं सगळंच वाईट असं नाही, उलट दोन्ही हातांचे ग्लोव्हज एकसारखे निघतात. पण ओतलेला माल कुठला यावर सगळं आहे.

कापसाची गादी बसली की पिंजाऱ्याकडून पिंजून घेतो, पुन्हा फुगते. फोमला पिंजारी नाही. चेपल्यावर थोडा वेळ दिला तर तो थोडा वर येतो, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तीच जोडी हाणण्यापेक्षा मधे दिवस गेला तर जास्त टिकते. पण एकदा भिंती मोडल्या की मोडल्या.

आणि हो, औंस हे वजन झालं. १६ औंस म्हणजे एका ग्लोव्हचं साधारण ४५४ ग्रॅम. त्यात रेक्झिन, अस्तर, वेल्क्रो, शिलाई सगळं आलं. जड आणि निबर फोम भरूनही ४५४ ग्रॅम होतात.

कर्वेनगरी · बुधवार, दुपारी १:०२

म्हणजे १६ औंस जोडीचे नाहीत, एका ग्लोव्हचे? आठ महिने मला जोडीचे वाटत होते.

खडकी_लेफ्टहूक · बुधवार, दुपारी १:१०

एकाचे. निम्म्या पुण्याला जोडीचे वाटतात, काळजी नको.

फिजिओताई · बुधवार, दुपारी ३:२५

फोमच्या चर्चेत ते ठणकणारं हाड मागे पडलं, म्हणून मधे येतेय.

करंगळीमागचं हाड म्हणजे पाचवं मेटाकार्पल. त्याच्या मानेशी होणाऱ्या फ्रॅक्चरला नावच 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' आहे. गंमत म्हणजे मुरलेल्या बॉक्सरपेक्षा ते नवशिक्यांत आणि भिंतीवर राग काढणाऱ्यांत जास्त दिसतं. नीट मारलेला ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्सवर बसतो. ती दोन हाडं मनगटाशी जवळजवळ घट्ट जखडलेली असतात. करंगळीचं हाड हलतं. हात गोल फिरवून हुक मारला, कोपर खाली राहिलं, की मार शेवटच्या दोन नकल्सवर जातो.

मूठ हळूच वळून बघा. करंगळी अनामिकेच्या अंगावर तिरकी चढतेय का? नकलचा उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने खाली गेलाय का? यातलं काहीही असो किंवा नसो, एक्स-रे काढा. चार महिने ठोकून मग "हे आपोआप बरं झालं नाही" म्हणत येणारे बघून कंटाळले आहे.

आणि ग्लोव्हच्या आत काय घालता?

कर्वेनगरी · बुधवार, दुपारी ४:०५

चढत नाही, पण सूज आहे थोडी. आत ते झटपट मिळतात ना, जेलवाले अर्धे मोजे, ते. पट्ट्या बांधायला दहा मिनिटं जातात, ऑफिसनंतर तेवढा धीर नसतो. सरांनी दोनदा हटकलंय, मी हो हो म्हणून सोडून दिलं.

फिजिओताई · बुधवार, दुपारी ४:२०

वाटलंच. जेलचा तुकडा नकल्सवर थोडी गादी देतो, पण हाडं एकत्र बांधून ठेवत नाही आणि मनगटाला तर काहीच करत नाही. साडेचार मीटरची पट्टी घ्या, तीन मीटरची मोठ्या हाताला पुरत नाही. बोटांमधून फिरवून घ्या, मनगटावर तीन-चार वेढे. सवय झाली की दोन्ही हातांना मिळून चार मिनिटं लागतात. ग्लोव्हच्या पॅडिंगने मनगट दुमडायचं थांबत नाही.

नाना_तालीमवाले · बुधवार, रात्री ८:४०

लहानपणी पेठेतल्या तालमीत लाल मातीत लोळलेला माणूस आहे मी. तुमची ही औंसं, फोम, इव्हीए वाचून करमणूक झाली. एक शंका विचारू का? हाताला गादी बांधली की माणूस बिनधास्त डोक्यावर मारतो. उघड्या मुठीने कपाळावर मारून बघावं, स्वतःचीच बोटं मोडतात. मग गादी बांधून डोक्याला मार कमी झाला का जास्त?

फिजिओताई · बुधवार, रात्री ९:१५

नाना, टोमणा म्हणून लिहिलंत, पण बरोबर लिहिलंत.

पॅडिंगने कातडी फाटणं, हाड मोडणं कमी होतं. मेंदूचं तसं नाही. डोकं झटक्यात वळतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत मागे राहतो आणि ताणला जातो. डोक्यावर उशी धरून कुणी जोरात ढकललं तरी मान फिरतेच ना? हेडगार्डचंही तेच. २०१३ मध्ये एलिट पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून हेडगार्ड काढलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला पुरुष त्याशिवाय खेळले, ते बघून लोक चक्रावले होते. हेडगार्ड जखमा वाचवतं, पण मेंदूचा झटका वाचवेल असं धरून चालता येत नाही.

म्हणून कर्वेनगरींना सांगते, नवे मऊ ग्लोव्हज आले म्हणून जोर वाढवू नका. डोकं गरगरलं, मळमळलं, तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. पोरांनाही हे सांगा.

नाना_तालीमवाले · बुधवार, रात्री ९:३०

टोमणा नव्हता. बरं, होता थोडा.

जुना_फ्लायवेट · गुरुवार, सकाळी ९:५०

नानांचा मुद्दा इतिहासालाही धरून आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्हज सक्तीचे केले. त्याआधीच्या उघड्या मुठींच्या लढतीत लोक डोक्यावर जपूनच मारत, हात जायचा म्हणून. ग्लोव्ह आला आणि डोकं हे हक्काचं लक्ष्य झालं.

मी नव्वदच्या दशकात खेळायचो, कॅम्पात सराव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, तेव्हा आम्हाला आपलं लंडन-न्यूयॉर्क आल्यासारखं वाटलं होतं. २००८ मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा नोकरीतून दांडी मारून बॉक्सिंग बघायला गेलो होतो.

स्पर्धेचे ग्लोव्हज वेगळे असतात हे लक्षात घ्या. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमध्ये आम्हा हलक्या वजनाच्यांना १० औंस, वरच्या गटांना १२. व्यावसायिकमध्ये साधारण वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे १४७ पौंडांपर्यंत, ८ औंस आणि त्यावर १०. घोड्याच्या केसांचं पॅडिंग असलेलेही ग्लोव्हज असतात तिथे, फारच पातळ लागतात. केस बाजूला सरकतात, दबतात, ठोसा समोरच्याला नीट 'पोचतो', म्हणून जोरकस मारणाऱ्यांना आवडतात. सरावाला त्यांचा उपयोग शून्य. कुणी "प्रो लोक वापरतात" म्हणून विकायला आला तर हात जोडा.

पॅडिंग किती महत्त्वाचं हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो. १६ जून १९८३, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बिली कॉलिन्स ज्युनिअर हा तोवर एकही लढत न हरलेला पोरगा, समोर लुईस रेस्टो. दहा फेऱ्या. कॉलिन्सचं तोंड असं सुजलं की डोळे मिटले. रेस्टो जिंकला. लढत संपल्यावर कॉलिन्सचे वडील, तेच त्याचे प्रशिक्षक होते, रेस्टोशी हात मिळवायला गेले. हातात हात घेतल्यावर त्यांना जाणवलं की आत काहीच नाही. ते ओरडायलाच लागले. नंतर उघड झालं की रेस्टोचा प्रशिक्षक पनामा लुईसने ग्लोव्हमधलं पॅडिंग काढलं होतं, प्रत्येकी जेमतेम औंसभर. निकाल रद्द झाला. कॉलिन्सच्या डोळ्याला कायमची इजा झाली, पुन्हा खेळता आलं नाही आणि १९८४ च्या मार्चमध्ये गाडीच्या अपघातात २२ व्या वर्षी तो गेला. लुईस आणि रेस्टो १९८६ मध्ये तुरुंगात गेले. रेस्टोने खूप वर्षांनी कबूल केलं की हाताच्या पट्ट्याही प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवल्या होत्या.

औंसभर म्हणजे २८ ग्रॅम. बाकरवडीचे दोन-तीन नग. तुमच्या जोडीतून ते कुणी काढलं नाही, तुम्हीच बॅगेवर मारून मारून घालवलंत, हाच काय तो फरक.

कर्वेनगरी · गुरुवार, सकाळी १०:३०

हे वाचून त्या पोराला सकाळी सकाळी फोन केला. तो म्हणाला, "काका ठीक आहे हो, एवढं काय." मला मात्र जेवण गेलं नाही.

छोटा_हात · गुरुवार, दुपारी १२:१८

बायकांच्या बाजूने थोडं. वजन ५२ किलो, हात लहान. सगळे म्हणाले स्पारिंगला १६ च घे, म्हणून घेतले. आत हात भोपळ्यात चमचा घातल्यासारखा खुळखुळायचा. ठोसा बसताना हात पुढे सरकायचा, मग नकल्स पॅडिंगच्या जाड भागावर न येता कडेवर यायचे आणि अंगठ्याचं मूळ दुखायचं. पॅडिंग चांगलंच होतं, फक्त माझ्या हाताखाली नव्हतं.

आता १४ वापरते, अरुंद कप्पा असलेले, आणि माझ्याच वजनाच्या मुलींशी खेळते. सरांना विचारून, समोरच्या मुलीच्या संमतीने. दुकानात घालून बघताना हाताला पट्ट्या बांधून जा. दुकानदार बघत राहतो, बघू द्या. बोटांची टोकं वर अलगद टेकली पाहिजेत आणि मूठ वळताना झगडावं लागता कामा नये.

आणखी एक, वजन कुठे भरलंय तेही बघा. काही १६ औंसी ग्लोव्हजमध्ये मनगटाकडे लांबलचक जाड पट्टा असतो. मनगटाला आधार छान, पण गादी पुढे कमी. थाई पद्धतीच्या ग्लोव्हजमध्ये गादी हाताच्या पाठीवर आणि कडांवर पसरलेली असते, कारण त्यांना लाथा अडवायच्या असतात. वजन तेच, पण वाटणी वेगळी.

कातरवाला · गुरुवार, रात्री १०:०५

धाग्याने चाळवलं, म्हणून आज माझी तीन वर्षांची जुनी जोडी फाडली. कात्री चालली नाही, ब्रेडच्या सुरीने केलं. घरी कुणाला सांगू नका.

वर रेक्झिन, कुठे कुठे भेगाळलेलं. त्याखाली बोटभर जाडीचा काळा घट्ट थर, इव्हीए असावा. नकल्सच्या जागी तो निम्म्याहून कमी जाड राहिलाय आणि घडीवर चिरलाय. त्याखाली पिवळट पातळ स्पंज, हाताला भुगा लागला. आणि सगळ्यात खाली, मनगटाच्या बाजूला, कुरमुऱ्याच्या लाडवासारखं काहीतरी: निळे, गुलाबी, पांढरे फोमचे तुकडे एकत्र चिकटवलेले.

फोमवाले, हे काय आहे?

फोमवाला_भोसरी · गुरुवार, रात्री १०:४०

रिबॉन्डेड. आमच्या कापणीतला भंगार फोम डिंक आणि वाफ लावून दाबतात. गाद्यांत, गालिच्याखाली सर्रास असतो. स्वस्त, जड आणि निबर. वजन भरायला एकदम सोपा. मनगटात असेल तर मी फार बोलणार नाही, नकल्सवर निघाला असता तर बोललो असतो.

पिवळा भुगा म्हणजे पॉलियुरेथेन म्हातारा झाला. घाम, ऊन आणि वर्षं.

नियम_अठरावा · शुक्रवार, सकाळी ६:०५

लाडवाचं वर्णन आवडलं. 'हातमोजे' मागे घेतो.

खडकी_लेफ्टहूक · शुक्रवार, सकाळी ८:००

ऐतिहासिक क्षण. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

मस्तानी_बिनसाखर · शुक्रवार, सकाळी ११:३५

मग घ्यायचे कोणते? नावं सांगा की कुणीतरी, एवढं सगळं वाचलं.

जुना_फ्लायवेट · शुक्रवार, दुपारी १२:२०

जगात स्पारिंगसाठी नाव निघतं ते जपानच्या विनिंगचं. उशीसारखे मऊ, हाताला आणि समोरच्यालाही. मेक्सिकोच्या क्लेटो रेयेसचं नाव उलट कारणासाठी, त्यातून ठोसा 'कळतो', म्हणून मारणाऱ्यांचे लाडके. थायलंडचे ट्विन्स, फेअरटेक्स दणकट. विनिंग आपल्याकडे येईपर्यंत कस्टम धरून जो आकडा होतो तो घरात सांगण्यासारखा नसतो. माझ्याकडे नाहीत. एकदा एकाचे घालून बघितले आणि गुपचूप परत केले.

आपल्याकडे मीरत आणि जालंधरला भरपूर माल बनतो. त्यात चांगलाही असतो, फक्त कंपनीचं नाव बघून कळत नाही. हातात घेऊन, दाबून, घालून बघावं लागतं, म्हणून ऑनलाइनपेक्षा दुकान बरं. दोन्ही ग्लोव्हज एकाच जागी दाबून सारखे लागतात का बघा. अंगठा शेजारच्या भागाला शिवलेला असावा, सुटा नको. सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो. वेल्क्रोचा पट्टा सुटा लोंबत असेल तर स्पारिंगला त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, गाल खरवडतो. दोऱ्यांचे ग्लोव्हज हाताला छान बसतात, पण बांधायला दुसरा माणूस लागतो आणि आमच्या वेळी तो दुसरा माणूस नेहमी चहाला गेलेला असायचा.

दोन जोड्यांचं बजेट नसेल तर पैसे स्पारिंगच्या जोडीत घाला. बॅगेला साधे १२ चालतात. तिथे तक्रार करायला कुणी नाही.

खडकी_लेफ्टहूक · शुक्रवार, दुपारी १:०५

शेवटच्या वाक्याला अर्धी हरकत. बॅग तक्रार करत नाही, हात करतो. त्यावरून आठवलं, कर्वेनगरी, तुमच्या बॅगेत काय भरलंय? वाळू असेल तर ती खाली बसून तळाचा भाग दगड होतो. चिंध्या भरलेल्याही खालून घट्ट होतात. खालच्या भागावर बॉडी शॉटचे, म्हणजे पोटा-बरगड्यांवरचे, हुक मारत असाल, तर करंगळीचं कोडंही सुटलं.

कर्वेनगरी · शुक्रवार, दुपारी १:४०

सरांना विचारलं. चिंध्या आणि मधे वाळूच्या पिशव्या. आणि हो, मी खालीच मारतो, उंच हुक मारताना खांदा भरून येतो म्हणून. आता काय बोलणार.

टेकडीवरचा वारा · शनिवार, सकाळी ७:५०

पावसाळ्यात वासाचं काय करता? मुलीच्या ग्लोव्हजना मेलेल्या उंदराचा वास येतो. डिकीत ठेवते ती.

छोटा_हात · शनिवार, सकाळी ९:१०

डिकी बंद! दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीत ओले ग्लोव्हज म्हणजे फोम शिजवणं. घरी आल्या आल्या पूर्ण उघडून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, मग पंख्याखाली उताणे. थेट उन्हात नाही, रेक्झिन तडकतं. वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नाही, पाणी फोममध्ये शिरलं की आठवडाभर निघत नाही. पट्ट्या मात्र दर वेळी धुवायच्या. निम्मा वास त्यांचाच असतो.

फोमवाला_भोसरी · शनिवार, सकाळी १०:००

+१. उघड्या बुडबुड्यांचा फोम घाम शोषतो, इव्हीए कमी शोषतो. वास वरच्या अस्तराचा असेल तर जातो, आतल्या फोमचा असेल तर राहतो.

कर्वेनगरी · बारा दिवसांनी, रात्री ९:३५

आधी एक्स-रे. फ्रॅक्चर नाही, पण डॉक्टरांनी तीन आठवडे त्या हाताने मारायला बंदी घातलीय. फक्त पायांचं काम, शॅडो (हवेत ठोसे) आणि डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. सर खूश आहेत, म्हणतात आठ महिन्यांत पहिल्यांदा तुमचा जॅब बघितला.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुने ग्लोव्हज ठेवले. उजवा ४२६ ग्रॅम, डावा ४४१. म्हणजे छापलेले १६ औंसही पूर्ण नव्हते आणि दोन भावांचं आपसातही जमत नव्हतं. बायको म्हणाली, त्या काट्यावर आता पीठ मोजायचं का? काटा पुसून दिला.

कॅम्पात जाऊन पट्ट्या बांधून चार जोड्या घालून बघितल्या. दुकानदाराने एकदाच विचारलं, "साहेब, मॅच आहे का?" १६ औंसाचे घेतले, ३,८०० ला, फक्त स्पारिंगसाठी. बॅगेसाठी भाच्याकडून १२ वाले परत मागितले. तो म्हणतो दिलेली वस्तू परत मागत नाहीत. शिवाय तो ते गोलकीपिंगला वापरतो आणि त्याची टीम जिंकतेय. त्यामुळे तो विषय बहिणीच्या कोर्टात आहे.

तो सीएवाला मुलगा नवे ग्लोव्हज दाबून बघून म्हणाला, "काका, हे ठीक आहेत. पण पट्ट्या दाखवा आधी." सरांनी शिकवलं असणार. दाखवल्या.

फिजिओताई · रात्री ९:५०

शाबास त्या मुलाला. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे हं, अडीच नाही.

टेकडीवरचा वारा · रात्री १०:१५

माझा प्रश्न राहिलाच. मुलगी ११ वर्षांची, ३४ किलो. तिला किती औंस?

जुना_फ्लायवेट · रात्री १०:२२

पॅड मारायला ६ किंवा ८, हातात बसतील ते. डोक्यावरचं स्पारिंग इतक्यात नको, सर म्हणाले तरी नको. दोरीवरच्या उड्या मात्र भरपूर मारू द्या.

टेकडीवरचा वारा · रात्री १०:३०

दोरी तिला आवडत नाही. पण सांगते.